ऑरेंज सिटीतलं मँडरिन

नागपुरात 'ऑरेंज' हा शब्द परका आहे असं कुणाला वाटत नाही. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे धावणारी मेट्रो ऑरेंज लाइनची. टायरच्या दुकानापासून मंगल कार्यालयापर्यंत कशाच्याही आधी 'ऑरेंज सिटी' लावलं की पाटी भरल्यासारखी दिसते. फळ मात्र या नावानं कुणी मागत नाही. सीताबर्डीवर हातगाडीपुढे उभं राहून "ऑरेंज कसे दिले?" असं विचारणारा माणूस हमखास बाहेरगावचा असतो, आणि गाडीवालाही ते ओळखूनच भाव सांगतो. खायचं ते संत्रं, मिरवायचं ते ऑरेंज, अशी आमची वाटणी फार जुनी आहे.

या वाटणीत एक खोच आहे. वनस्पतिशास्त्राच्या आणि परदेशी फळबाजाराच्या इंग्रजीत आमचं संत्रं ऑरेंज नाहीच, ते मँडरिन आहे. शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. आमच्याच गावात, अमरावती रोडला, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथल्या इंग्रजी पुस्तिका उघडल्या की 'नागपूर मँडरिन' भेटतं. शहराच्या पाट्यांवर एक नाव, शहरातल्याच शास्त्रज्ञांच्या कागदावर दुसरं. माझं काम भाषांतराचं, त्यातही बरंचसं शेतीचं: कलमांची पत्रकं, फळगळीवरच्या पुस्तिका, फवारणीची वेळापत्रकं. त्यामुळे हे दोन शब्द माझ्या टेबलावर सारखे समोरासमोर येतात आणि दरवेळी कोणता खरा याचा निवाडा मागतात.

फरक काय, ते माझ्या मेलबर्नच्या भाचीनं एका वाक्यात सांगितलं होतं. नवीनच गेली होती, फोनवर म्हणाली, "मावशी, इथे ऑरेंज आणलं तर सुरी लागते गं." झालं. ऑरेंज हे सुरीचं फळ आणि मँडरिन हे बोटांचं. ऑरेंजची साल गराला घट्ट बसलेली, फळ गोल आणि भरीव. ते आडवं कापा नाहीतर पिळा. मँडरिन दोन्ही टोकांना जरा चपटं, साल सैल. देठापाशी अंगठा रुतवला की अंगरखा उतरावा तशी साल निघते आणि फोडी आपणहून सुट्या होतात. ब्रिटनमधल्या दुकानांत तर या सैल सालीच्या सगळ्या गोतावळ्याला मिळून 'ईझी पीलर' असं सरळ कामाचं नाव दिलेलं असतं. गोतावळा मोठा आहे. मोरोक्कोतल्या टँजिअर बंदरावरून टँजरिन, जपानच्या जुन्या प्रांतावरून सत्सुमा, अल्जीरियातल्या एका धर्मगुरूच्या नावावरून क्लेमेंटाइन. मँडरिन हे या घराण्याचं आडनाव, बाकीची पाळण्यातली नावं.

इंग्रजी माणूस मात्र या दोन शब्दांमध्ये भिंत घालत नाही. तो 'मँडरिन ऑरेंज' असंही सहज म्हणतो. म्हणजे ऐसपैस अर्थानं प्रत्येक मँडरिन हे एक प्रकारचं ऑरेंज, पण नुसतं ऑरेंज म्हटलं की मँडरिन बाद. आपल्याकडे 'आंबा' म्हटल्यावर नागपुरी माणसाच्या डोळ्यांपुढे एक येतो आणि रत्नागिरीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसराच, तसलाच हा प्रकार. शब्दाचा ऐसपैस अर्थ कोशात राहतो, नेमका अर्थ फळवाल्याकडे.

अंकलिपीतलं 'ओ फॉर ऑरेंज' आठवा. चित्रात एक गोल गुळगुळीत फळ, शेजारी त्याचं आडवं कापलेलं अर्धुक, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा. नागपूरच्या कुठल्या घरात संत्रं सुरीनं आडवं कापतात? ते चित्र निखळ ऑरेंजचं आहे, आणि ऑरेंज म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचं तर, मोसंबी.

हो, मोसंबी. इथे गंमत दुप्पट होते. मोसंबी ही सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे इंग्रजीतलं अस्सल स्वीट ऑरेंज. तिचं आपल्याकडचं नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलेलं. पण आमच्या ज्यूस सेंटरच्या इंग्रजी फलकावर तिला 'स्वीट लाइम' म्हणतात, आणि स्वीट लाइम हे खरं म्हणजे तिसरंच फळ, मिठं लिंबू. जे ऑरेंज आहे त्याला आम्ही लिंबू केलं आणि जे मँडरिन आहे त्याला ऑरेंज. फलक रंगवणाऱ्यानं बिचाऱ्यानं काहीच केलेलं नाही. सगळा देशच असं इंग्रजी लिहितो.

याचा उलटा धागाही बघण्यासारखा आहे. खोक्यातून येणारा जगभरचा 'ऑरेंज ज्यूस' हा घट्ट सालीच्या फळाचा असतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा ब्राझीलचा. आमच्या संत्र्याचा रस तसा खोक्यात बसायला तयार नसतो. पिळल्याबरोबर प्याल तर अमृत, पण ठेवला की कडवटतो. गरात एक बेचव संयुग असतं, रसाच्या आंबटपणात त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. म्हणून आमच्याकडे रसाच्या दुकानांत ढीग मोसंब्यांचे आणि संत्र्याची बर्फी. ऑरेंज सिटीत ऑरेंज ज्यूस मागितला तर जगाच्या दृष्टीनं तो मँडरिन ज्यूस, आणि मोसंबी ज्यूस मागितला तर तो ऑरेंज ज्यूस. पाहुण्याला हे समजावून सांगायला जाऊ नये, रस तेवढ्यात कडू होतो.

मग आमचं चुकतं का? नागपूरकर चुकीचं इंग्रजी बोलतात, असं एखादा चिकित्सक म्हणेल. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही याचं कारण त्या शब्दाच्याच प्रवासात आहे.

ऑरेंज हा शब्द निघाला आपल्याच दारातून. संस्कृतात नारंग, तोही बहुधा द्राविडी भाषांकडून आलेला. मल्याळीत आजही 'नारंगा' आहेच. नारंगचं फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारान्हा. इटालियन आणि फ्रेंच तोंडांत गेल्यावर सुरुवातीचा 'न' गळला. 'उना नारांचा' म्हणता म्हणता 'न' आधीच्या शब्दाला चिकटून राहिला आणि उरलं 'आरांचा'. इंग्रजीच्या तासाला हा 'न' इंग्रजांनीच घालवला असं ठोकून सांगतात, पण इंग्रजांच्या घरी तो शब्द 'न' गमावूनच आला होता. एप्रनचं मात्र इंग्रजांनी स्वतः केलं. तो आधी 'नेप्रन' होता.

आता महत्त्वाचं. हा शब्द इंग्रजीत आला चौदाव्या शतकात. तेव्हा युरोपात गोड ऑरेंज नव्हतंच. अरबांनी सिसिली आणि स्पेनमध्ये रुजवलेलं फळ आंबट-कडू होतं, आज ज्याला सेव्हिल ऑरेंज म्हणतात आणि ज्याचा मार्मालेड करतात ते. म्हणजे पहिलं ऑरेंज खायला कुणी धजलंही नसतं. गोड जात व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पंधराव्या-सोळाव्या शतकात आली आणि तिनं तो शब्द बळकावला. बिचारं मूळ फळ 'सावर ऑरेंज' होऊन बसलं, आपल्याच नावात विशेषणानं ओळखलं जाणारं. फारसीत तर याहून नीट वाटणी झाली: नारंज हे नाव आंबटाकडे राहिलं आणि गोड फळाला पोर्तुगालवरून 'पोर्तेकाल' म्हणू लागले. तेव्हा ऑरेंज हा शब्द कधीच एका फळाशी एकनिष्ठ नव्हता. नारंगाच्या देशातून निघाला, आंबटाकडे राहिला, गोडाकडे गेला. फिरत फिरत नागपूरला येऊन संत्र्याला चिकटला तर त्यात बिघडलं कुठे?

शिवाय साहेबानं तरी काय केलं असतं? मँडरिनची रोपं इंग्लंडात पोचली १८०५ मध्ये, कँटनहून. त्याच सुमारास, १८०४ ते १८०८, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन भोसल्यांच्या दरबारी नागपूरला रेसिडेंट होता. आमच्याकडे संत्र्याची रोपं रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून आणली असं सांगतात. एल्फिन्स्टनच्या मेजावर ती फळं गेली असतील तर त्यानं त्यांना मँडरिन म्हणण्याची शक्यता कमीच. त्याच्या मायदेशात त्या नावाचं फळ तेव्हा नुकतं कुठे जहाजातून उतरत होतं. हा माझा आपला तर्क. पण एवढं नक्की की हिंदुस्थानातल्या साहेबांना देशी शब्दही ठाऊक झाला होता. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात 'सुंगतरा' अशी नोंद आहे आणि तो पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला असावा असा अंदाजही.

हा सिंत्राचा अंदाज आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. मला तो जरा घाईचा वाटतो. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची यादी दिलीय, तीत नारंज वेगळं आणि संगतरा वेगळा. बाबर वारला १५३० मध्ये. वास्को द गामा कालिकतला लागला १४९८ मध्ये. तीसेक वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव आग्र्यापर्यंत जाऊन फळाला चिकटून फारसी वळणही घेतं? अशक्य नाही, पण मी त्यावर पैज लावणार नाही. बाबराचा संगतरा म्हणजे आपलं संत्रंच, असंही नाही. तो त्याची साल गुळगुळीत आणि रंग तुरंजासारखा, म्हणजे महाळुंगासारखा, सांगतो.

रंगाचं निघालंच आहे म्हणून. इंग्रजीत फळ आधी आलं, रंग मागून. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांना या रंगाला स्वतंत्र नावच नव्हतं, म्हणून तांबूस-नारिंगी छातीच्या रॉबिनला ते आजही 'रेडब्रेस्ट' म्हणतात. मराठीनं जुना शब्द रंगाकडे ठेवला, नारिंगी, आणि फळाला संत्रं म्हटलं. म्हणून ऑरेंज सिटीचं मराठी होतं संत्रानगरी आणि ऑरेंज लाइनचं नारिंगी मार्गिका. एकाच इंग्रजी शब्दाला दोन ठिकाणी दोन उत्तरं. आणि आंबिया बहाराचं, म्हणजे थंडी सरताना आलेल्या फुलोऱ्याचं, संत्रं ऑक्टोबरात येतं तेव्हा ते धड नारिंगीही नसतं. सालीतला हिरवा रंग जायला रात्री गार व्हाव्या लागतात. आत गोड, बाहेर हिरवट, असं ऑक्टोबरचं ऑरेंज पाहून परदेशी माणूस ते कच्चंच समजेल.

मँडरिनची कूळकथा याहून नाट्यमय आहे. संस्कृतातला मंत्री मलायी भाषेत 'मेंतरी' झाला. पोर्तुगीज तिथे पोचले, त्यांच्या भाषेत 'मांदार' म्हणजे हुकूम देणं, त्या कानानं त्यांनी मेंतरीचा 'मांदारिम' केला आणि चीनच्या दरबारी अधिकाऱ्यांना ते नाव दिलं. अधिकाऱ्यांची बोली ती मँडरिन भाषा. फळाला ते नाव का लागलं यावर एकमत नाही. कुणी अधिकाऱ्यांच्या झग्याच्या रंगाकडे बोट दाखवतं, कुणी फळाच्या वरच्या दर्जाकडे. इंग्रजीत भाषा मोठ्या एमनं लिहितात, फळ आणि अधिकारी छोट्या. देवनागरीत ही सोय नाही, त्यामुळे 'तो मँडरिन शिकला' आणि 'त्यानं मँडरिन सोललं' यांत आपल्याला क्रियापदावरच भिस्त ठेवावी लागते.

थोडक्यात, ऑरेंज आणि मँडरिन हे दोन्ही शब्द इथूनच गेले, एक बागेतून, दुसरा दरबारातून. डिसेंबरात नागपुरात हे दोघं एकत्र येतात. १९५३ च्या नागपूर करारानं वर्षातून एक अधिवेशन इथे ठरलं, तेव्हापासूनच्या चालीप्रमाणे हिवाळ्यात सिव्हिल लाइन्स फुलते. रामगिरीवर मुख्यमंत्री, रविभवनात मंत्री, आमदार निवासात गर्दी, आणि कळमना बाजारात त्याच दिवसांत आंबियाचा माल. परतताना गाड्यांच्या डिक्कीत संत्र्याच्या पेट्या. मंत्र्यानं मँडरिन न्यावं यात शब्दांच्या घरची भाऊबंदकीच आहे. पण इंग्रजीची तिरकी चाल अशी की तिथे 'व्हाइटहॉलचे', म्हणजे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतले, 'मँडरिन' म्हणतात ते मंत्र्यांना नाही, सचिवांना. निवडून येतो तो मिनिस्टर, खुर्चीत टिकून राहतो तो मँडरिन. हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याला मंत्रालयाचा अनुभव असावा.

आणि घराण्यात थोरलं कोण, हेही आता जनुकांवरून कळलंय. महाळुंग, पपनस आणि मँडरिन ही लिंबूवर्गातली मूळ घराणी. ऑरेंज, गोडही आणि आंबटही, पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून झालेली संतती. या सगळ्या कुळाचा उगम २०१८ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानं हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे दाखवलाय. मेघालयात गारो टेकड्यांतल्या नोकरेकला रानटी संत्र्यांसाठी राखलेलं जंगलही आहे. तेव्हा आमच्या संत्र्याला ऑरेंज म्हणणं म्हणजे आजोबांना नातवाच्या नावानं हाक मारणं. पण नातू जगभर नावाजलेला असेल तर आजोबाही 'अमक्याचे आजोबा' म्हणूनच ओळखले जातात.

हे सगळं टेबलावरचं शहाणपण. काटोलच्या माझ्या चुलत दिरांनी ते एका फोनमध्ये जमिनीवर आणलं. गावातल्या काही शेतकऱ्यांनी मिळून माल स्वतः पॅक करून बाहेर पाठवायचं ठरवलं होतं. "वहिनी, पेटीवर ऑरेंज लिहू का मँडरिन? छापखानेवाला थांबून रायला." मी म्हटलं, "भाऊजी, कागदोपत्री मँडरिन." तिकडून हसण्याचा आवाज. "मँडरिन लिहिलं त लोकाइले वाटन, पेटीत नूडल्स हायेत."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. कस्टमच्या जागतिक यादीत ताज्या ऑरेंजचा आकडा ०८०५१० नं सुरू होतो आणि मँडरिनचा ०८०५२१ नं. तिथे 'आमच्याकडे दोन्हीला एकच म्हणतात' चालत नाही. दुसरीकडे, २०१४ मध्ये आपल्या फळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'नागपूर ऑरेंज' याच नावानं. मानांकनाचा फायदा घ्यायचा तर पेटीवर तेच नाव हवं. सरकारचा एक कागद ऑरेंज मागतो, दुसरा मँडरिन, आणि फळ एकच, काटोलच्या बागेतलं, जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर कलम केलेलं.

मी भाऊजींना विचारलं, माल जातो कुठे? बांगलादेशात. आमच्या संत्र्याचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक तेच, आणि त्यांनी आयात शुल्क चढवत नेल्यापासून वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत सगळेच हैराण आहेत. पण शब्दांच्या बाबतीत बांगलादेशी माणूस आपल्यापेक्षा आणि इंग्रजांपेक्षाही स्पष्ट आहे. सैल सालीचं ते 'कमला', घट्ट सालीचं ते 'माल्टा'. बाजारातल्या पोरालाही गोंधळ नाही. ज्या भाषेत फळ विकायचं तिथे हा प्रश्नच मिटलेला होता, आणि आम्ही दोघं तिसऱ्याच भाषेतल्या दोन शब्दांवर फोनचं बिल वाढवत होतो.

शेवटी छापखान्याला मजकूर गेला तो असा: वर ठळक 'नागपूर ऑरेंज', त्याखाली बारीक अक्षरात 'मँडरिन', आणि बाजूच्या पट्टीवर बंगाली लिपीत 'कमला'. नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, संत्रं हा शब्द कुठंच नाही."

"आपल्याले काऊन पाह्यजे?" ते म्हणाले. "आपुन त पेटी न वाचताच खातो."